प्रोफाइल चकाचक, पण माणूस कुठाय?

प्लेसमेंटचा सीझन आला की सगळे एका रात्रीत 'पॅशनेट' होतात. पण सगळेच सारखे दिसायला लागल्यावर निवड कुणाची होणार? करिअरसाठी स्वतःची इमेज कशी घडवायची, तीही खोटं न बोलता, याचा हा शोध.

एक प्रयोग करून बघा. लिंक्डइन उघडा आणि तुमच्याच वर्गातल्या कुठल्याही पाच जणांचं 'अबाउट' वाचा. 'हार्डवर्किंग', 'क्विक लर्नर', 'टीम प्लेयर', 'रिझल्ट ओरिएंटेड'... आता नावं झाका आणि ओळखा पाहू कोणाचं कुठलं! नाही ना जमत? लास्ट बेंचवर बसून अख्ख्या वर्गाला हसवणारा तो आणि लायब्ररीतून कधी बाहेरच न पडलेली ती, दोघंही इथे अगदी जुळी भावंडं वाटतात. पूर्वी लग्नाच्या बायोडेटात प्रत्येक मुलगी 'मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष' असायची आणि प्रत्येक मुलगा 'निर्व्यसनी'. आपण फक्त शब्द बदललेत.

त्यात आता एआय मदतीला आलंय. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि गुळगुळीत इंग्रजीत स्वतःचं कौतुक करून घेणं दोन मिनिटांचं काम झालं. छान भाषा ही आता कुणाची खासियत राहिली नाही, कारण ती सगळ्यांकडेच आहे. मग समोरच्या एचआरने शंभर सीव्हींमधून तुमचाच का उचलावा? उत्तर सोपं आहे, पण पचायला जरा जड: त्यात तुम्ही दिसलात तर.

'ब्रँड मी' आलं कुठून?

'पर्सनल ब्रँडिंग' हा शब्द आज प्रत्येक करिअर गायडन्सच्या सेशनमध्ये कानावर येतो. तो लोकांच्या तोंडी बसला तो टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकामुळे. १९९७मध्ये 'फास्ट कंपनी' या मासिकात त्यांनी 'द ब्रँड कॉल्ड यू' नावाचा लेख लिहिला. मोठ्या कंपन्या जसा आपला ब्रँड घडवतात, तसा प्रत्येक नोकरदाराने स्वतःचा घडवावा, हा त्याचा गाभा. एकाच कंपनीत आयुष्य काढायचे दिवस तिकडे संपत आले होते, त्यामुळे हा विचार लोकांना पटला. पुढे २००३मध्ये लिंक्डइन सुरू झालं आणि या ब्रँडला शोकेसही मिळाली.

गंमत अशी, की ब्रँड म्हटल्यावर आपल्याला आठवतं ते पॅकिंग. चकचकीत फोटो, कडक ब्लेझर, इंग्रजीत दोन ओळींचं घोषवाक्य. पण साबणाचं पॅकिंग कितीही भारी असू दे, फेस झाला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग इमेज बनवणं म्हणजे नाटकच ना?

इथे आपल्यातले बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. 'मला नाही जमत हे शो ऑफ. मी जसा आहे तसा आहे.' ऐकायला बाणेदार वाटतं, पण थोडं थांबून विचार करू.

अर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' हे त्यांचं पुस्तक १९५६मध्ये आलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर राहून त्यांनी माणसांचं रोजचं वागणं टिपलं होतं. तिथल्या एका हॉटेलातली माणसं स्वयंपाकघरात एक वागायची आणि दार ढकलून पाहुण्यांसमोर गेली की वेगळी. यावरून त्यांनी मांडलं, की रंगभूमीसारखाच आपल्या रोजच्या जगण्यालाही एक रंगमंच असतो आणि एक विंग असते.

आता स्वतःकडे बघा. आजीशी बोलताना तुमचा सूर वेगळा, कट्ट्यावर वेगळा, प्राचार्यांच्या केबिनमध्ये तर अजूनच वेगळा. यातला कुठला खोटा आहे? एकही नाही. इंटरव्ह्यूला इस्त्रीचा शर्ट घालणं हे ढोंग नाही, समोरच्याचा मान ठेवणं आहे. मग खोटं कधी होतं? जे नाहीच ते आहे म्हणून दाखवलं, की.

आपल्याकडे बहुरूपी येतात ना, तसं. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो, दरडावतो, सगळ्यांना हसवतो आणि शेवटी बिदागी घेऊन जातो. सोंग त्याचंही असतं, पण खेळ उघड असतो. न केलेल्या इंटर्नशिपचं सोंग मात्र समोरच्याला अंधारात ठेवून केलेलं असतं. फरक इथेच आहे.

सोंग फार दिवस टिकत नाही

'सगळेच थोडं वाढवून लिहितात यार' हे वाक्य प्रत्येक हॉस्टेलमध्ये ऐकू येतं. तर 'थोडं वाढवून' कुठपर्यंत जातं याचं एक उदाहरण. स्कॉट थॉम्पसन २०१२च्या जानेवारीत याहूचे सीईओ झाले. त्यांच्या परिचयात अकाउंटिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अशा दोन विषयांतली पदवी लिहिलेली होती. प्रत्यक्षात पदवी होती फक्त अकाउंटिंगची. कंपनीतल्या एका गुंतवणूकदाराने हे बाहेर काढलं आणि मे महिन्यात थॉम्पसन पायउतार झाले. पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते. बरं, त्या पदापर्यंत पोहोचायला त्यांना त्या जादा विषयाची गरज तरी होती का? त्यांचा अनुभवच पुरेसा होता. पण खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही लोक शंका घेतात.

सीईओंचं सोडा, आपल्यासारख्या फ्रेशरचीही तपासणी होते. बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन दुसऱ्या एजन्सीला देतात. मार्कशीट विद्यापीठाकडून पडताळली जाते. आधी नोकरी केली असेल, तर रिलिव्हिंग लेटर मागतात आणि पीएफच्या नोंदींवरून कुठे किती महिने काम केलं तेही कळतं. ऑफर लेटरमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं, माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल. हे वाक्य आपण 'आय अ‍ॅग्री'सारखं न वाचताच पुढे सरकवतो.

आणि एजन्सीपर्यंत जायचीही गरज पडत नाही. 'या प्रोजेक्टमध्ये तुझा वाटा नेमका काय होता?' हा एक प्रश्न पुरतो. ज्याने काम केलंय तो लगेच सुरू होतो: कुठे अडलं, काय फसलं, रात्री दोनला काय सुचलं. ज्याने नुसतं नाव टाकलंय तो 'वी'मध्ये बोलायला लागतो. 'वी डिझाइन्ड, वी डेव्हलप्ड...' शितावरून भाताची परीक्षा होते ती अशी.

लपवतो काय? आपलंच गाव

आता जरा नाजूक विषय. आपण सगळेच काही खोट्या डिग्र्या लिहीत नाही. आपल्यातल्या कित्येकांचं लपवणं वेगळंच असतं.

मराठवाड्यातून पुण्यात आलेला माझा एक मित्र कुणी 'कुठला तू?' विचारलं की पटकन 'पुण्याचाच' म्हणतो. एक मैत्रीण आईचा फोन आला की खोलीबाहेर जाते, कारण तिच्या घरची बोली रूममेटला ऐकू जाऊ नये. मराठी मीडियम, तालुक्याचं कॉलेज, वडिलांचं पंक्चरचं दुकान, आईची खानावळ हे सगळं सीव्हीवरून आणि बोलण्यातूनही हळूच पुसलं जातं. का? तर 'प्रोफेशनल' दिसायचं असतं.

पण जे पुसायला निघालोय, तेच कधीकधी आपलं भांडवल असतं. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'पिस्तुल्या' या लघुपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आला आणि २०१६मध्ये 'सैराट'. तीच माती, तीच बोली, तेच अनुभव. ती भाषा 'सुधारून' घ्यायचं त्यांनी ठरवलं असतं, तर 'सैराट' झालाच नसता.

दुसरं उदाहरण राहीबाई पोपेरे यांचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. शाळेची पायरी चढायला मिळाली नाही. पण देशी वाणांचं बियाणं जपायचं काम त्यांनी घरापासून सुरू केलं आणि बियाणं बँक उभी राहिली. २०१८मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' ही उपाधी त्यांनी स्वतःच्या प्रोफाइलवर लिहून घेतलेली नाही, लोकांनी दिली. आधी काम झालं, मग ओळख. आपण नेमकं उलटं करायला जातो. बायोमध्ये आधी 'थॉट लीडर' आणि मग शोधायचं, की थॉट कुठला!

'बी युवरसेल्फ' सगळ्यांना परवडतं का?

हा प्रश्न न विचारता लेख संपवला तर तो अर्धवट राहील. कारण 'जसे आहात तसे राहा' हे सांगणं सोपं आहे. ज्याचं 'जसं आहे तसं' समोरच्याला आधीपासूनच पसंत असतं, त्याला तर ते फारच सोपं आहे.

आपल्याच महाराष्ट्रातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये छापून आला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फक्त नावं वेगळी. काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता दलित आणि मुस्लिम नावांना कमी निघाली. म्हणजे सीव्हीमधली पहिली ओळ, आपलं नाव, तिथेच खेळ सुरू होतो.

तेव्हा कुणी आपलं आडनाव किंवा वस्ती सांगायला कचरत असेल, तर 'तुझ्यात कॉन्फिडन्स नाही' म्हणून मोकळं होऊ नका. ती भीती हवेतून आलेली नाही. अस्सल असणं म्हणजे सगळं सगळ्यांना सांगणं नव्हे. आपली जात, घरची भांडणं, आजारपण, ब्रेकअप यातलं काय सांगायचं आणि कधी, हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. न सांगणं आणि खोटं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि जाहिरातीच्या मजकुरालाच प्रश्न विचारणारेही असतात. १९७४मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या एका मुलीने टेल्कोची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नये, असं त्यात होतं. तिने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवून याचा जाब विचारला. तिला पुण्याला इंटरव्ह्यूला बोलावलं गेलं आणि नोकरीही मिळाली. ती मुलगी म्हणजे सुधा मूर्ती. एका साध्या पोस्टकार्डात ती कोण आहे, हे पुरेपूर दिसलं होतं.

'मी असाच आहे' हाही एक सापळा

आता नाण्याची दुसरी बाजू. 'मी इंट्रोव्हर्ट आहे, मला प्रेझेंटेशन नाही जमत.' 'मी स्पष्टवक्ता आहे, कुणाला वाईट वाटलं तर मी काय करू?' ही वाक्यं आपण अस्सलपणाच्या नावाखाली खपवतो. खरं तर ती न शिकण्याची कारणं असतात.

हर्मिनिया इबारा या मॅनेजमेंटच्या प्राध्यापक. २०१५मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांनी 'द ऑथेंटिसिटी पॅरॅडॉक्स' हा लेख लिहिला. नवीन जबाबदारी अंगावर आली की सुरुवातीला सगळं परकं, खोटंखोटं वाटतं. अशा वेळी 'हा मी नव्हेच' म्हणून माणूस जुन्या सवयींना चिकटून राहिला तर त्याची वाढ थांबते, असं त्यांचं म्हणणं. नवनवीन पद्धती अंगाला लावून बघाव्यात, नव्या कपड्यांसारख्या. काही बसतील, काही काढून ठेवाव्या लागतील.

म्हणून इंग्रजी शिकणं म्हणजे मराठीशी गद्दारी नाही. स्टेजवर बोलायची प्रॅक्टिस करणं म्हणजे मुखवटा नाही. बावीस-तेवीसाव्या वर्षी आपला 'खरा मी' पूर्ण तयार झालेला असतो, असं कुणी सांगितलं? तो अजून घडतोय. 'मला हे येतं' आणि 'मी हे शिकतेय' ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. फक्त त्यांची अदलाबदल करू नका.

मग करायचं काय?

विशेषणं काढा, काम लिहा. 'हार्डवर्किंग'ऐवजी 'कॉलेजची तीन वर्षं रोज सकाळी पेपर टाकून स्वतःची फी भरली' असं लिहिलंत, तर 'हार्डवर्किंग' समोरचा स्वतःच म्हणेल. गणेश मंडळाचा हिशेब सांभाळलात? ते अकाउंट्स आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला बॅकस्टेज केलंत? वेळ, माणसं आणि तुटपुंजं बजेट सांभाळायचा तो अनुभव आहे. घरच्या द्राक्षबागेच्या फवारणीचं वेळापत्रक एक्सेलमध्ये बसवलंत? मग 'एक्सेल: प्रोफिशियंट'पेक्षा हे लिहा. एनएसएसच्या कॅम्पमध्ये गावकऱ्यांशी काय बोललात, तेही आठवा.

तीन जणांना विचारा. एक शिक्षक, एक मित्र किंवा मैत्रीण आणि एक असा माणूस, ज्याच्यासोबत तुम्ही खरंच काम केलंय. प्रश्न एकच: 'कुठल्या कामासाठी तुला माझी आठवण येईल?' १९५५मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 'जोहरी विंडो' मांडली. दोघांच्या नावांतून हे नाव झालं. तिच्या चार खान्यांपैकी एक असा असतो, की तिथलं इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. तिघांच्या उत्तरांत तोच खाना उघडतो. कधीकधी उत्तर टोचेल. तेही लिहून ठेवा.

गॅप असेल तर घाबरू नका. एटीकेटी लागली, एमपीएससीची दोन वर्षं गेली, घरी कुणी आजारी होतं. याची उत्तरं दोन वाक्यांत तयार ठेवा. एका वाक्यात काय झालं, दुसऱ्यात त्या काळात काय शिकलात. एमपीएससीच्या अभ्यासाने राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि रोज आठ तास बसायची सवय दिली असेल, तर ते वाया गेलेलं वर्ष नाही.

'माहीत नाही' म्हणायला शिका. पण तिथेच थांबू नका. 'हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन' हे पूर्ण उत्तर आहे. थापा मारणाऱ्यापेक्षा हे म्हणणारा माणूस कामाला बरा, हे अनुभवी इंटरव्ह्यूअरला लगेच कळतं.

एआयला कारकून ठेवा, लेखक नको. स्पेलिंग, व्याकरण, मांडणी खुशाल तपासून घ्या. पण आशय तुमचा हवा. परीक्षा सोपी आहे: सीव्हीतली कुठलीही ओळ घ्या आणि त्यावर मराठीत दोन मिनिटं बोला. नाही आलं बोलता, तर ती ओळ तुमची नाही.

कशाला 'नाही' म्हणणार, तेही ठरवा. सचिन तेंडुलकरने वडिलांना दिलेला शब्द म्हणून तंबाखू आणि दारूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत. त्याची प्रतिमा त्याने केलेल्या धावांइतकीच या नकारांनीही घडलीय. आपल्यासमोर एवढे मोठे चेक नसतील. पण मित्राचं असाइनमेंट स्वतःच्या नावावर देणं, न गेलेल्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट घेणं, असे छोटे मोह रोज असतात. आज जो वर्गात शेजारी बसलाय, तोच पाच वर्षांनी तुमच्या नावाची शिफारस करणार असतो. किंवा करणार नसतो.

पहिली नोकरी कदाचित पॅकिंगवर मिळेलही. पण नोकरी लागली की रोज आठ-नऊ तास त्याच माणसासारखं वागावं लागतं, जो तुम्ही सीव्हीवर लिहिलाय. तो माणूस तुम्हीच असाल तर दमछाक कमी होते, इतका साधा हिशेब आहे.

तर आज रात्री एवढंच करा. स्वतःची प्रोफाइल उघडा आणि जी ओळ दुसऱ्या कुणाच्याही नावाखाली चालली असती, ती खोडा. कदाचित चारच ओळी उरतील. हरकत नाही, सुरुवात त्या चार ओळींपासून करा.